सातव्या महिन्याची कबुली

शनिवार, ११ जानेवारी १७०७
दिवस मावळायच्या आत दारूच्या गुत्त्यातून माणसं उठवायची — शनिवारच्या मावळतीपासूनच प्रभूचा वार, रविवार, लागतो ना! गिडियन पेला सोडेना. "कॉन्स्टेबल, तुमचा सूर्य फार घाईत दिसतो!" गुन्हेगारांच्या यादीत नाव टिपून घेतलं. कंटाळलोय. मार्चमध्ये नवी निवड होऊन कॉन्स्टेबलकीची ही काळी काठी दुसऱ्याच्या गळ्यात पडली की सुटलो.

मंगळवार, १४
मेहिटेबलला मुलगा झाला. माझी एकुलती लेक. लग्न जूनच्या मध्याला! बोटांवर मोजलं, परत मोजलं. सातच महिने.

बुधवार, १५
"देवाशपथ बाबा, लग्नाआधी आम्ही काही केलं नाही." शपथ नको बाई, तोही गुन्हाच! जावई एलिफलेट म्हणाला, "तुमची बोटं तेवढी खरी!" मी दोघांची नावं यादीत घातली. लेक म्हणून सोडलं, तर उद्या गिडियनला कुठल्या तोंडाने धरू?

रविवार, १९
पाद्रीबाबांनी स्पष्टच सांगितलं — कबुली नाही, तर मुलाला बाप्तिस्मा नाही. पोर मूठभर. आजचं उद्या दिसेल याचा भरवसा नाही. मीच म्हटलं, "कबूल करा आणि मोकळे व्हा."

सोमवार, २०
शाई गोठली.

रविवार, २६
दोघं चर्चच्या भर सभेत उभे राहिले. 'लग्नाआधी पाप घडलं.' पोराच्या डोक्यावर पाणी पडलं, नाव ओबेड ठेवलं. हायसं वाटलं मला.

सोमवार, ३ फेब्रुवारी
वरून हुकूम आला — फ्रेंचांविरुद्ध सरहद्दीच्या गढीवर गावातून चार माणसं सक्तीने धाडा. गावच्या फौजेचा कॅप्टन म्हणाला, "भल्या घरातली पोरं कशाला? तुझी यादी आण." गिडियन, पत्ते खेळणारा एक, शिवराळ एक. चौथ्या नावावर त्याचं बोट थांबलं.
"कॅप्टन, तो जावई आहे माझा."
"अक्षर तुझंच ना?"

मंगळवार, ४
सक्तीच्या भरतीची खूण म्हणून एलिफलेटच्या खांद्याला काठी लावली. तो एवढंच म्हणाला, "लाकडं फोडून ठेवलीत. महिनाभर पुरतील." मेहिटेबल माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

शनिवार, ८
गेले चौघं. बर्फ गुडघाभर.

बुधवार, १२
सुईण ट्रिफेनाबाई आज परतल्या. ओबेडच्या वेळचं बाळंतपण उरकून दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या गावी बाळंतपणाला गेल्या होत्या, तिथेच बर्फात अडकल्या. सगळं ऐकून दारातच उभ्या राहिल्या.
"अरे, मला विचारायचंस तरी! नखंसुद्धा पुरती आली नव्हती लेकराची. सातव्यातलंच होतं ते."