आतल्या गादीचा खुलासा, सूर्यभानमामांस

अकोला, गुरुवार, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप सूर्यभानमामांच्या पायांवर अकोल्याहून लांबूनच, पण मनापासून डोकं ठेवून भाचा कुलदीप लिहितो, की "तुम्ही आमच्या मशीनच्या आत पाहू तर शकत नाही ना?" असं साधना नावाच्या मुलीनं मला फोनवर विचारलं आणि मी "शक्यच नाही" म्हणालो, तो क्षण फार मोठा होता. मामा, त्याच्या आधीचा कुलदीप वेगळा आणि नंतरचा वेगळा. आधीचा तुम्हाला ठाऊक आहे (अमरावतीचं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडलेला, बाबांशी फक्त आईमार्फत बोलणारा, कुठल्याही लग्नात कोणाशी ना कोणाशी भांडण उकरून काढणारा). नंतरच्याची ओळख करून द्यावी म्हणून हा कागद. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तिथं तुम्ही पहिली ओळ वाचून अंगठा पाठवता, आणि हा विषय अंगठ्याचा नाही.

आधी घरचं विचारतो. मामींचा गुडघा कसा आहे? अकोटहून आणलेलं ते तेल अजून लावत असतील तर बंद करायला सांगा, त्या तेलानं गुडघा बरा होत नाही, फक्त मामी कुठल्या खोलीत आहेत ते घरभर कळतं. हरभऱ्यावर अळी किती आहे? सीमाताईचं बाळ माझ्यावर गेलंय असं आई म्हणते, म्हणजे बरंच रडत असणार. माझी तब्येत उत्तम. भूक लागत नाही, झोप येत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. आणि हो, भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो असं हिवरखेडात सांगणं कृपा करून थांबवा. तुमच्या शेजारच्या जानरावांनी परवा माझ्याकडे एसटीनं प्रिंटर पाठवला. सोबत चिठ्ठी होती, "फिकं येऊन राहिलं, पाहून घे."

मी नेमकं काय करतो ते आता सांगतोच, कारण ते कळल्याशिवाय साधना कळणार नाही. सीमाताईच्या लग्नात जानोशाची व्यवस्था तुमच्याकडे होती, आठवतं? वरपक्षाला उतरवलं होतं त्या शाळेत तुम्ही शंभर गाद्या कबूल केल्या आणि एकही पसरली नाही. मी विचारलं तर म्हणालात, "आतापासून पसरून काय करू बे? ज्याची पाठ जमिनीले टेकन तो ओरडन." आणि तसंच झालं. कोणीतरी आडवं व्हायचं, "गादी!" म्हणून ओरडायचं, तुमचा माणूस धावत जायचा. मामा, आमचा सगळा धंदा हाच आहे. आमचे मालक नितेशभाऊ, त्यांची एक दांडगी मशीन ही शाळा समजा. तिच्यात कितीतरी लहान मशिनी पाहुण्यासारख्या उतरलेल्या असतात आणि प्रत्येकीला वाटतं शाळा आपल्याच बापाची. मेमरी सगळ्यांना कबूल केलेली, पण पसरलेली नसते. पाहुण्या मशीननं गादी नसलेल्या जागी पाठ टेकली की ती ओरडते. त्या ओरडण्याला पेज फॉल्ट म्हणतात. (म्हणायला फॉल्ट, पण चूक कोणाचीच नसते. हे मी कॉलेजात सरांना सांगितलं होतं, भर वर्गात, थोड्या वरच्या आवाजात. कॉलेज सुटण्याच्या कारणांपैकी ते एक.) ओरडणं ऐकून गादी पोचवणं हे माझं काम. तुमचा तो धावणारा माणूस म्हणजे मी.

आता नाजूक भाग. जानोशात एक खोली असते तिथं वरमाय आणि तिच्या जावा दागिने काढून ठेवतात. त्या खोलीत मुलीकडचा माणूस पाय ठेवत नाही, शाळा कोणाचीही असो. अमरावतीच्या एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबची मशीन आमच्याकडे तशीच उतरली आहे. लोकांच्या रक्ता-लघवीचे रिपोर्ट, कोणाला काय रोग आहे, सगळं तिच्या पोटात. म्हणून तिची बहुतेक मेमरी आतली, खासगी. थोडी बाहेरची, ओसरीसारखी, दोघांना दिसणारी, निरोपाची देवाणघेवाण करायला. आतली गादी आम्ही दारातून सरकवायची, आणि एकदा आत गेली की ती आम्हाला दिसत नाही. मशीन कधी कधी ओसरीवरचीच गादी आत मागते. मग जुनी काढून कोरी द्यायची आणि हिशेबात लिहून टाकायचं की ही आता आतली. आणि यजमानानं, म्हणजे आमच्या एखाद्या प्रोग्रामनं, आतल्या गादीकडे नुसती नजर टाकली तरी? प्रोसेसर त्याला तिथल्या तिथं संपवतो. समजावणी नाही, सुनावणी नाही. मला ही पद्धत फार आवडते.

नितेशभाऊंना आवडत नाही. "माह्या पैशाची मशीन, माही मेमरी, अन् मलेच दिसत नाही? हे कोणतं शहाणपण हाय बे?" असं ते मला आठवड्यातून एकदा विचारतात, आणि मी त्यांना जानोसा आठवड्यातून एकदा समजावतो. गेल्या वेळी ते म्हणाले, "मी माह्या साळ्याच्या लग्नात गेलो होतो त्या खोलीत." मी विचारलं, मग? "मग काय, मारलं लोकायनं."

या लॅबमध्ये मशिनीचं सगळं पाहणारी मुलगी म्हणजे साधना. मूळची चांदूर बाजारची. पुण्याची कंपनी सोडून अकोल्याच्या पोरांकडे काम द्या, असं तिनं आपल्या साहेबांना हट्टानं पटवलं. साहेब म्हणाले, बिघडलं तर तुमच्यावर. ती म्हणाली, माझ्यावर. मामा, आवाज असा आहे की "सर्व्हर डाउन आहे" म्हणाली तरी हरिपाठ ऐकल्यासारखं वाटतं. आत पाहू शकत नाही ना, असं तिनं विचारलं ते त्याच सुमारास. मी शक्यच नाही म्हणालो, ती म्हणाली, "बरं झालं, मग मी निश्चिंत." एका माणसाला दुसऱ्यानं निश्चिंत करावं, यापेक्षा मोठं काही मी आजवर केलेलं नव्हतं. (बाबांना विचारा, ते दुजोरा देतील.)

आणि मग मशीन मरू लागली. एखाद्या सकाळी, मग दोन दिवस ठीक, मग भर दुपारी, लॅबमध्ये रांग लागलेली असताना. मेली की साधनाचा फोन. मी उठवायचो, ती थँक्यू म्हणायची. मग जरा बोलणं व्हायचं. सेमाडोहला तिचा भाऊ जंगल खात्यात आहे, तिला वाघापेक्षा अस्वलाची भीती वाटते, संत्र्याला ती अजूनही संत्रंच म्हणते, ऑरेंज म्हणत नाही. मी इकडे मनाशी ठरवून टाकलं होतं, की ही मशीन मरत नसून विधाता नंबर फिरवतो आहे. अर्थात दोष शोधण्यात मी जरादेखील कसूर केली नाही. कर्नेल, म्हणजे मशीनचा गाभ्याचा प्रोग्राम, बदलला. रॅम बदलली. नितेशभाऊंशी भांडलो. वीज महामंडळाला फोन करून भांडलो, ते तर इतके गोंधळले की त्यांनी माफी मागितली.

शेवटी मंगळवारी सापडलं. सांगतो, पण हसू नका. लॅबची मशीन दमली आहे का, तिला काही हवं आहे का, हे साधनाचा फोन येण्याआधी मला कळावं म्हणून मीच एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो दर थोड्या वेळानं मशिनीच्या ओसरीवर जाऊन बघायचा, सगळं बरं आहे ना. ओसरीवर, मामा! आत नाही! ओसरी पाहायला परवानगी आहे. फक्त मशिनीला जागा कमी पडली की ती ओसरीवरची तीच जागा आत ओढून घ्यायची, हिशेबात तसं लिहिलं जायचं, आणि माझा प्रोग्राम हिशेब न वाचता जुन्याच जागी डोकावायचा. आता तिथं वरमाय. प्रोसेसरनं त्याला गोळी घातली. पण मी तो प्रोग्राम (हौसेनं, कारण तसा तो जास्त वेगात चालतो) मशीन चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रामच्याच पोटात बसवला होता. त्यामुळे मेलं एकटं डोकावणारं नाही, सगळी खोली कोसळली, वरमायसकट.

म्हणजे मशीन मेल्यामुळे साधना मला फोन करत होती, आणि साधनाच्या काळजीमुळे मी मशीन मारत होतो. तरी माझा इंजिनिअरिंगवरचा विश्वास उलट वाढला आहे. आतलं एक अक्षर बाहेर आलं नाही. ज्या कुलुपानं मला अडवलं ते मीच लावलेलं होतं. इतकं चांगलं कुलूप अमरावती विभागात दुसऱ्या कोणी लावलं असेल तर त्यानं समोर यावं.

प्रोग्राम त्याच मिनिटाला काढून टाकला. मंगळवारपासून मशीन ठणठणीत आहे. मंगळवारपासून फोनही नाही. नितेशभाऊंना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "झालं ना दुरुस्त? मंग चूप बस. गिऱ्हाईकाले काहून सांगतं? त्याले वाटन आपण आतच पाहून राहिलो." मला पटलं नाही, पण मी पहिल्यांदाच भांडलो नाही, कारण मलाही तेच सोयीचं होतं. मशीन चालू, विषय संपला. साधना निश्चिंत, मी निश्चिंत. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार, बाळाला पापा, जानरावांना सांगा की शाई संपली आहे, दुसरं काही नाही.

आपला आज्ञाधारक (हा शब्द तुमच्यापुरता),
कुलदीप

ता. क. : रविवारी दर्यापूरला ते स्थळ पाहायला मी येणार नाही. त्याऐवजी तुम्ही चांदूर बाजारला जा. साधनाचे वडील देवराव, संत्र्याची बाग आहे, बैलबाजारात तुमची त्यांची गाठ पडलेली आहे असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात. मामा उभा राहिल्याशिवाय आपल्याकडे कोणाचं लग्न लागलेलं नाही, आणि बाबांना मी विचारलं तर ते आईमार्फत नाही म्हणतील. नवं धोतर नेसा. मी कॉलेज सोडलं हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका. खरं म्हणजे पत्र याच्यासाठीच होतं.

ता. क. दुसरा : वरची ओळ लिहीत होतो तेवढ्यात साधनाचा फोन आला. मी म्हणालो, मशीन तर चालू आहे. ती म्हणाली, "हो. चालूच आहे, आणि त्याचंच वाईट वाटून राहिलं." सोमवारी रात्री तिनं तिच्या बाजूचं एक जुनं सॉफ्टवेअर काढून टाकलं होतं. मंगळवारपासून मशीन पडली नाही, म्हणजे दोष त्याचाच, आणि ते मुळात मशीनवर बसवलं होतं तिनंच. आज संध्याकाळी मीटिंग आहे, साहेबांना ती तसं सांगणार आहे आणि नोकरी सोडणार आहे. "तुमच्या कंपनीला उगाच बोल लागला, म्हणून सांगावं वाटलं. तुम्ही कितीदा धावले, दादा." दादा म्हणाली, मामा. मला त्या शब्दाचंही काही वाटलं नाही, यावरून माझी अवस्था समजा. मी तोंड उघडलं, तोवर तिला कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. आता लागत नाही. नितेशभाऊंना सांगितलं तर म्हणतात, "त्या पोरीनं सोताहून घेतलं ना आंगावर? देवच पावला." मी त्यांना काय म्हणालो ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही, मामीही वाचतात.

ता. क. तिसरा : चांदूर बाजारला अजिबात जाऊ नका. देवरावांना काही बोलू नका. जो माणूस त्यांच्या मुलीच्या मशीनमध्ये डोकावत होता आणि दोन दिवस गप्प बसला, त्याचं स्थळ घेऊन तुम्ही नवं धोतर नेसून जावं हे मला चालणार नाही. आधी मी अमरावतीला जाऊन मीटिंगमध्ये तिच्या साहेबांसमोर प्रोग्राम कोणाचा ते सांगतो. नंतर ती मला दादा म्हणेल का आणखी काही, ते तिचं ती ठरवेल. मूर्तिजापूरला न थांबणारी गाडी मिळाली तर मीटिंगआधी पोचतो. हा कागद खाली टपरीवरच्या फरदीनकडे देतो, तो पाकिटात घालून पोस्टात टाकेल. नितेशभाऊ खुर्चीतून विचारून राहिले, "कोठी चालला बे? गेला तं वापस येऊ नको." उत्तर द्यायला वेळ नाही. उठलो, निघालो, जाताना दार लावून घेतो आहे, जोरात.