पिवळ्या पाखराचा कप

लोकस्ट बेंड, मिसिसिपी
१२ जानेवारी १९७४

ती. व्हीनीमावशीस,
जेराल्डिनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि हर्शलकाकांचे लोकरी मोजे दोन्ही पोचले. असले मोजे इथे कुणी घालत नाही, पण हे काकांना कळू देऊ नकोस. शिकागो सोडून दक्षिणेत नांदायला आलेल्या भाचीचे पाय गारठत असतील असं त्यांना वाटतं, तर वाटू दे. शाळेत मला चौथीचा वर्ग मिळालाय. कर्टिस नदीवरच्या मालबोटीवर गेलाय, तो महिनाभर यायचा नाही. तोवर मी आणि सासूबाई. माझ्या स्वयंपाकाला त्या रोज नावं ठेवतात. काल म्हणाल्या की शिकागोवाले मक्याच्या पावात साखर घालतात म्हणूनच तिथली माणसं आता इकडे परत यायला लागलीत.

तू सांगितलेलं काम विसरले नाही. चर्चच्या कबरस्तानात एकूणएक दगडावरचं नाव वाचलं, पण मिटीआजीचं, तुझ्या आईचं, नाव कुठेच नाही. डॉविल आजींनाही विचारलं. साऱ्या गावाची कुंडली त्यांच्या तोंडपाठ, पण त्याही म्हणाल्या की पुराच्या साली कोण कुठे पुरलं गेलं ते देवालाच ठाऊक.

दुसरी बातमी अशी की टेकाडावरचं हॅलोरन लोकांचं मोठं घर पाडणार. वारसांनी ते कोंबड्यांच्या कारखान्याला विकलं. पुढच्या महिन्यात यंत्रं येतील, तोवर ज्याला जे हवं ते न्या असं कंपनीने सांगून टाकलंय. मला एकदा आत जाऊन बघायचं आहे. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या पायऱ्या घासल्या, ते आतून दिसतं तरी कसं?

काकांना नमस्कार. माया आहे तशी असू दे.
तुझी,
जेरी

*

शिकागो
२० जानेवारी १९७४

चि. सौ. जेराल्डिन हिला अनेक आशीर्वाद.

मोज्यांचं काकांना सांगितलं. आधी तोंड एवढंसं झालं, मग म्हणाले की लांडे मोजे पाठवू. तेव्हा भोग आता.

त्या घराचं नाव माझ्यापुढे काढू नकोस. माझी आजी त्याच घरामागच्या खोपटात गुलाम म्हणून जन्मली. लहानपणी त्या फाटकावरून जाताना मी तोंड फिरवायचे. मोठेपणी एकदा आईची कबर शोधायला गावी आले तेव्हाही फिरवलं. पडतंय ना, पडू दे. तुला आत जाऊन काय करायचंय? पडक्या घरात सापांशिवाय दुसरं काही नसतं.

कबरीचं मात्र आज नीट सांगते. तुझ्या आईलासुद्धा मी हे पुरतं सांगितलं नव्हतं. तुझी आई जन्मली तेव्हा नदीने बांध फोडला होता आणि आम्ही सगळे उरलेल्या बांधावर तंबूत होतो. बाळंतपणातच आई गेली. कबरस्तान पाण्याखाली होतं. बापाने आणि मामाने तिला होडीत घातलं, मला मामीच्या मांडीवर बसवलं. मी सहा वर्षांची. पाऊस असा की मामीने मला घोंगडीत गुंडाळलं होतं, वाट काही दिसली नाही. कुठेतरी उंचावर नेलं, तिथे एक झाड होतं, एवढंच आठवतं. बापाने बजावलं की जागा कुणाची ते विचारायचं नाही आणि कुणाला सांगायचंही नाही. पुढे तो आम्हाला घेऊन उत्तरेत आला आणि मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही. मामामामीही गेले.

तेव्हा दगड शोधत बसू नकोस. दगड कुठून आणणार होतो आम्ही? उंच जागा बघ. आपल्या माणसाची कबर दिसली की तुला कळेलच, ते काय शिकवावं लागतं? माझे गुडघे आता बोलायला लागलेत. मरण्याआधी एकदा तिच्या उशाशी बसायचं आहे, बाकी काही मागणं उरलेलं नाही.

जपून राहा, सासूशी वाद घालू नकोस, आणि साखर थोडी कमीच घाल.
तुझी मावशी,
लुव्हीनिया

*

लोकस्ट बेंड
३ फेब्रुवारी १९७४

ती. व्हीनीमावशीस,
सा. न. वि. वि.

आधी रागावून घे, मग पुढे वाच. आम्ही त्या घरात गेलो. आम्ही म्हणजे मी आणि शाळेत चित्रकला शिकवणारी रोझमेरी. ती डेट्रॉइटची, म्हणजे माझ्यासारखीच उपरी. सासूबाईंना काही सांगितलं नाही. उन्हाळ्यात ते सगळं टेकाड कुड्झूच्या वेलीखाली बुडालेलं असतं, घर आहे की झाडी ते कळत नाही. थंडीने वेल वाळला म्हणून वाट तरी सापडली.

मावशी, मला वाटलं होतं मी हसेन. एवढ्या गर्विष्ठ घराची अशी गत झालेली बघून बरं वाटेल. पण पाऊल टाकल्याबरोबर हसू पार विरलं. समोरचे खांब उभे आहेत, पण आतून पोखरलेत. एकाला हात लावला तर तळवाभर भुसा आला. दिवाणखान्यात पियानो आहे. त्याच्या पट्ट्यांमधून वेल वर आलाय आणि पोटात खारींनी घर केलंय. छत एका बाजूने खाली आलंय, त्यामुळे दिवाणखान्यात उभं राहिलं की माडीवरच्या खोलीतली न्हाणी दिसते. जिन्यावर तसबिरी तशाच टांगलेल्या, पण कसरीने सगळ्यांचे चेहरे खाल्लेत. नुसते कोट आणि गळपट्टे उरलेत. रोझमेरी दर दोन पावलांनी देवाचं नाव घेत होती आणि मी तिला गप्प बस म्हणत होते, जणू कुणी ऐकणारच होतं.

जेवणघरात मेजाच्या वर छताला एक मोठा लाकडी पंखा टांगलाय. त्याची दोरी कप्पीवरून कोपऱ्यात आलीय. जेवणाऱ्यांच्या अंगावर माश्या बसू नयेत म्हणून ती कुणीतरी ओढत राहायचं. त्या कोपऱ्यात जमिनीच्या फळीला दोन खळगे पडलेत. मी चप्पल काढून त्यांत पाय ठेवायला गेले तर माझे पाय मावेनात. माझ्या वर्गातल्या मुलांचे मावतील. तिथे मला रडू फुटलं आणि आम्ही मागच्या दाराने बाहेर पळालो.

मागे जुनी विहीर आहे. तिच्या कठड्यावर दम खात बसले आणि पायाशीच, देवदाराखाली, त्या लोकांचा उकिरडा दिसला. श्रीमंतांची मस्ती बघ. फुटकी भांडी, औषधाची निळी बाटली, काटे नसलेलं घड्याळ, दिव्याची काच, भोवती नदीतले पांढरे शिंपले. एक भांडं धड नाही. जरा चांगलं दिसलं की फोडून फेकायचं, दुसरं काय! यंत्राखाली चुरा होण्यापेक्षा म्हटलं आपण वाचवू. शिंपले मी वर्गात बेरजा शिकवायला नेले, बाकी सगळं रोझमेरीने मुलांना चित्र काढायला नेलं. जागा झाडल्यासारखी लख्ख केली.

तुझ्यासाठी मात्र एक नग खास काढून ठेवला. छोटासा कप, त्यावर पिवळं पाखरू. पाखरू एका डोळ्याने आंधळं आहे, पण गोड आहे. तळाला भोक होतं, ते मी खळ आणि पांढऱ्या चिकणमातीने असं बुजवलंय की काकांनाही ओळखू येणार नाही. कॉफी पिऊन पाहिली, थेंब गळत नाही. अंजिराच्या मुरंब्याबरोबर उद्या पार्सल करते. त्या घराने आपल्याकडून इतकं नेलं, आपण एक कप आणला म्हणून काय बिघडलं?

मिटीआजीचा शोध चालूच आहे. पुढच्या रविवारी नदीपलीकडची टेकडी बघणार. यंत्रं याच आठवड्यात येतील म्हणतात.

राग ओसरला की उत्तर धाड.
तुझी,
जेरी

*

तार
शिकागो, ८ फेब्रुवारी
कप कबरीवरचा आहे. यंत्र थांबव. पत्र मागून. लुव्हीनिया.

*

शिकागो
८ फेब्रुवारी १९७४

जेराल्डिन,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही. तार करून आले आणि लिहायला बसले. पार्सल उघडलं, मुरंबा बाजूला ठेवला, कागद सोडवला आणि माझ्या हातून कप सुटला. हर्शलने झेलला.

त्या पाखराचा डोळा माझ्या बोटाने गेला. आई मला मांडीवर घेऊन त्या कपातून दूध पाजायची आणि मी रोज त्या डोळ्यावर बोट घासायचे. ती रागवायची, म्हणायची की बिचाऱ्याला आंधळं करशील. तंबूत तिने शेवटचं पाणी त्यातूनच घेतलं. आणि तळाचं भोक मी पाडलं, पोरी. मामीने माझ्या हातात खिळा आणि दगड दिला होता.

तो उकिरडा नाही. माणसाने शेवटी वापरलेलं भांडं, त्याची औषधाची बाटली, त्याचा दिवा, सगळं फोडून त्याच्या कबरीवर ठेवायचं, भोवती शिंपले लावायचे. फोडायचं अशासाठी की त्याची साखळी तुटावी, त्याच्यामागून घरातलं दुसरं कुणी जाऊ नये. आमच्या घरात मागे चार दिवसांचं तान्हं होतं. मामी म्हणाली होती की बाळ राहावं असं वाटत असेल तर जोरात मार. मी जोरात मारलं. ते बाळ म्हणजे तुझी आई. तू ते भोक बुजवलंस आणि वर त्यातून कॉफी प्यालीस.

सगळा जन्म मी ज्या फाटकावरून तोंड फिरवून गेले, त्याच्याच आत ती होती. मालकाला न विचारता तिला त्यांच्या परसात पुरलं, म्हणून बापाने आमची तोंडं शिवली. आता कळतंय मला.

हे वाचत बसू नकोस. आधी धाव.
लुव्हीनिया

*

लोकस्ट बेंड
१० फेब्रुवारी १९७४

ती. मावशीस,
जेराल्डिनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तार काल सकाळी आली. सासूबाईंनी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की कुठला कप. मी सगळं सांगितलं. मग घरातल्या चपलांनिशीच माझा हात धरून टेकाडाकडे निघाल्या. त्यांनी मला चार थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मावशी, उशीर झाला. परवाच मागचा भाग सपाट केला. देवदार मुळासकट उपटून जाळायला नेला. जिथे मी बसले होते ती विहीर तेवढी राहिलीय, ती उद्या बुजवायची होती. बाकी सगळी ताजी उकरलेली लाल माती.

यंत्र चालवणारा एल्रॉय टब्ज आपल्यातलाच, आपल्याच चर्चचा. सासूबाईंनी त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने टोपी काढली आणि धाय मोकलून रडला. म्हणाला की जुन्या जागेवर यंत्र घालण्याआधी तो नेहमी सगळी जमीन पायी फिरतो, बापाने त्याला तशी शपथच घातली होती. एक शिंपला, एक फुटकी बशी दिसली असती तरी त्याने यंत्र बंद केलं असतं, मग कंपनीने कामावरून काढलं तरी बेहत्तर. गुरुवारी तो त्या देवदाराखालूनही फिरला होता. तिथे काही नव्हतं. माती स्वच्छ होती.

ती मी स्वच्छ केली होती, मावशी. तिला राखणारं जे काही होतं ते सगळं मी माझ्या हातांनी उचलून नेलं. आणि वर तुला लिहिलं की शोध चालू आहे.

काल वर्गात गेले. शिंपले टोपलीत आहेत, त्यांवर मुलांनी आकडे रंगवलेत. टोपलीला हात लावायचा धीर झाला नाही. एल्रॉयने विहिरीला हात लावायला नकार दिलाय, पण कंपनी दुसरा माणूस आणेल. काय करू ते कळत नाही. क्षमा माग म्हणालीस तर कुठल्या तोंडाने मागू? माझ्यावर माया ठेव असंही लिहवत नाही.

जेरी

*

शिकागो
१५ फेब्रुवारी १९७४

चि. जेरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. हर्शलने स्वतः स्वयंपाक केला, तेव्हा किती बिकट प्रसंग होता ते समज. तुला शिव्या देणारं चार पानी पत्र लिहिलं. ते फाडलेलं नाही. बरोबर घेऊन येतेय, समोर बसवून वाचून दाखवीन.

मग कप पुढ्यात घेतला. तुझी चिकणी चांगली बसली होती, नाही म्हणत नाही. खिळ्याने हलक्या हाताने काढली. भोक तेवढंच आहे, जेवढं मी पाडलं होतं. ते करताना माझ्या मनात आलं की आपल्या माणसाची कबर दिसली की कळेलच, असं तुला मोठ्या तोऱ्यात लिहिणारी मीच. शहरात वाढलेल्या पोरीला ते कुणी शिकवलं होतं? तुझ्या आईला मी दु:ख नको म्हणून सांगितलं नाही, आणि तिला ठाऊक नाही ते ती तुला कुठून देणार? बापाने आमची तोंडं शिवली आणि मी ती तशीच ठेवली. म्हणून तुझा गुन्हा कमी होत नाही. पण तो तुझ्या एकटीचा नाही.

आता ऐक. मंगळवारच्या गाडीने आम्ही दोघं येतोय. एल्रॉयला सांग, चर्चच्या माणसांना घेऊन विहिरीपाशी बसून राहा, मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका. त्या डेट्रॉइटवालीकडून घड्याळ, बाटली, दिव्याची काच, असेल नसेल ते परत आण. शिंपले सगळे आण. आकडे पुसू नकोस, असू देत. मुलांना आणायला सांग, त्यांनाही कळू दे. तुला आम्ही शिकवलं नाही, तसं त्यांचं होऊ नये.

झाड गेलं, खूण गेली, पण जमीन कुठे जात नाही. सत्तेचाळीस वर्षं ती जागा कुणाला ठाऊक नव्हती. आता आपल्या घरात ती जागा दाखवू शकणारी तू एकटीच आहेस. कठड्यावर बस, जशी त्या दिवशी बसली होतीस. आणि तुझ्या पायाशी मला बसव.

राग अजून पुष्कळ आहे. माया त्याच्या खाली आहे, शोधायला लागणार नाही.
तुझी मावशी,
व्हीनी