भराव कोणी फोडला

४ जून
आज एकदाचे सगळे पुलावर आले. बांधकाम खात्याचे साहेब, पाटबंधाऱ्याचे साहेब, पंचायत समितीचा माणूस. सरपंच झाल्यापासून यासाठी हेलपाटे घालतेय. पुलाच्या मोऱ्या गाळानं आणि काटेरी झुडपांनी बुजल्यात, वाकून दाखवलं. बां.सा. म्हणाले, पूल आमचा, पण गाळ नदीचा. पा.सा. म्हणाले, नदी आमची, पण पुलाखालचं पुलवाल्यांनी बघावं. पं.स.चा माणूस फोटो काढत होता. मग चहाला माझ्याच घरी. मी हसून बोलले. आतून नुसती आग.

११ जून
पाटबंधाऱ्याचं पोकलेन आलं. वरच्या अंगानं नदी साफ करत आलं आणि पुलाच्या अलीकडे थांबलं. ऑपरेटर म्हणे, इथं आमची हद्द संपली. पा.सा.ना फोन. "मॅडम, बकेट खांबाला लागलं तर बांधकामवाले आमच्यावर लिहितील." बां.सा. मीटिंगमध्ये. दुपारी पोकलेन ट्रेलरवर चढून गेलं. काढलेला गाळ काठावरच. पहिल्या पुरात परत नदीत.

२ जुलै
बां. खात्याची माणसं आली म्हणून पळत गेले. कठड्याला रंग देत होती. पिवळा-काळा. मोऱ्यांचं विचारलं तर म्हणाले, आम्हाला रंगाचंच सांगितलंय.
यांना घरी येऊन सांगितलं. हे हसले. मला नाही आलं हसू.

१९ जुलै
आत्ता कुठे लिहायला बसले.
वर रात्रभर पाऊस. सकाळी नदी पुलाला अडली आणि मागं फिरली. सरळ खालच्या आळीत. सुमनबाई लेकीच्या बाळाला डोक्यावर धरून आली. "अक्का, पानी घरमा घुसनं. आते काय करानं?"
पुलाच्या अलीकडचा रस्त्याचा मातीचा भराव फोडला तर पाणी निघेल, सगळ्यांना दिसत होतं. पण भराव फोडला की पलीकडची वाडी तुटते. वाडीही आपल्याच ग्रामपंचायतीतली. वाडीतल्या नानांची बायको आठवड्यातून दोनदा धुळ्याला डायलिसिसला जाते, तेही माहीत होतं.
बां.सा.ना फोन केला. म्हणाले, लेखी द्या, वर पाठवतो.
मग नानांना केला. आधीच सांगायला. ते नको म्हणाले. उद्या तिचं डायलिसिस, म्हणाले.
ऐकलं. फोन ठेवला. गावातल्या भिकाला म्हटलं, आण तुझा जेसीबी.
भराव फुटला तसा रस्ताच वाहून गेला. दुपारपर्यंत आळीतलं पाणी उतरलं. भांडी, गाद्या, धान्य, सगळं चिखलात. माणसं सगळी आहेत.

२२ जुलै
नानांनी बायकोला लांबच्या रस्त्यानं नेलं. एक दिवस उशीर. दम लागला, ॲडमिट करावं लागलं. मी दवाखान्यात गेले. त्या डोळे मिटून. नानांनी बाहेर व्हरांड्यात गाठलं.
"तू तुन्हं गाव वाचाडं. मन्ही बायकोले मी कथाईन लई जाऊ?"
कुठल्या रस्त्यानं नेऊ, विचारत होते. त्यांच्याजवळ बसून राहिले.

३० जुलै
तहसीलला बैठक. बां.सा., पा.सा. आणि पं.स. एका रांगेत, खुर्चीला खुर्ची लावून. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. सरकारी रस्त्याची नासधूस, तीही सरपंचानं. तिघांची एकच तक्रार. दोन वर्षांत मोऱ्यांवर ज्यांचं एकमत झालं नाही, त्यांचं माझ्यावर झालं.
मी विचारलं, मोऱ्या कोणाच्या? बां.सा. म्हणाले, तो आजचा विषय नाही.
तहसीलदार खाली बघत होते. चौकशी लागली. पदही जाऊ शकतं म्हणे. भिकाचंही नाव घातलंय. त्याचं का? फोडायला तर मी सांगितलं.

८ ऑगस्ट
नानांची बायको घरी आली. बरं वाटलं. मी गेले नाही.
भराव तसाच तुटलेला. बांधकामवाले म्हणतात, चौकशी होईपर्यंत हात लावता येत नाही. वाडीची पोरं चिखलातून उतरून शाळेत येतात. मोऱ्या अजून बुजलेल्याच. हवामानवाले परत जोराचा पाऊस सांगतायत.
नाना आज दारात आले होते. भराव भरून दे, एवढंच म्हणाले. ते गेल्यावर सुमनबाई आली. पाऊस जाईपर्यंत भरू नका म्हणाली. ओट्यावर अजून तिच्या गाद्या वाळत पडल्यात.
दोघंही खरं बोलतात. भिका म्हणतो, अक्का, तुम्ही सांगा, सकाळी भरून टाकतो.
उद्या ग्रामसभा. वाडी येणार, आळी येणार. तिन्ही खात्यांना निरोप दिलाय, एकाचाही होकार नाही. मलाच उठून बोलावं लागेल. मघापासून पहिलं वाक्य जुळवतेय.