चौदा नंबरच्या वाटेवरच्या चारशे बारा फेऱ्या

तीर्थरूप थेल्मा आत्या,

तुझ्या नव्या खुब्याला धक्का लागू नये अशा बेताने लांबूनच नमस्कार. तब्येत कशी आहे? डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलंय, ते तू ऐकत नसशीलच. पण एटीव्हीवर, त्या चार चाकांच्या रानगाडीवर, बसायची परवानगी मिळाली हे वाचून फार बरं वाटलं. सोबत जॅमची बाटली पाठवतो आहे. खुशाल खा, फार चौकशा करू नकोस.

मी ठीक आहे. म्हणजे ठीक नाही. पाच दिवस झोप नाही, आणि त्याचं कारण असं की आपली चौदा नंबरची वाट बंद व्हायच्या बेतात आहे आणि ते पाप माझं आहे. (हे वाचून लगेच फोन करू नकोस. आधी पत्र पुरं वाच. फोनवर तू ओरडतेस आणि मला पुढचं आठवत नाही.)

स्कूलबस चालवणं सोडल्यावर मी जंगलातल्या वाटांच्या स्वयंसेवकांत नाव घातलं, हे तुला माहीत आहेच. काम साधं. वाटेवर आडवी पडलेली झाडं कापायची, पाट्या ठोकायच्या, आणि चिखल चुकवायला लोक कुरणातून गाड्या घालतात तिथे दगड लोटून ठेवायचे. पण मी यांत्रिक करवत बंद केली की नाही हे बघायला तीनदा मागे गेलो, तेव्हा आमचा मुकादम गस लिंडक्विस्ट म्हणाला, "लेलँड, ही करवत अस्वलाच्या हातात दिलेली बरी. अस्वल निदान काम संपलं की घरी तरी जातं!" आणि करवत काढून घेतली.

मग वनखात्याच्या ओर्टेगा बाईंनी मला बिनधोक काम दिलं. (त्यांना बिनधोक वाटलं.) चौदा नंबरच्या तोंडाशी एक डबा पुरायचा. वरून लोखंड गेलं की त्यातला आकडा एकाने वाढतो. वाटेवर किती गाड्या जातात ते कळतं. किल्ली त्यांच्याकडे. मी फक्त डबा पुरून नजर ठेवायची. आता 'नजर ठेवा' असं माझ्यासारख्याला कुणी सांगावं का? पहिल्याच संध्याकाळी घरी जेवायला बसलो आणि मनात आलं, झाकण नीट बसलंय ना? गेलो. बसलं होतं. परत आलो, तर वाटलं, हलवून बघताना आपणच सैल केलं असेल. पुन्हा गेलो. पुढे पाऊस झाला, अस्वलाची विष्ठा दिसली, एकदा नुसतं स्वप्न पडलं. दिवसातून चार-पाचदा तरी जात होतो. गुडघ्यामुळे जाणं एटीव्हीवरूनच, आणि गाडी वळवायला जागा शंभर पावलं वर, म्हणजे दर खेपेला डब्यावरून दोनदा.

तू विचारशील, अरे गाढवा, हे मोजलं जातंय हे कळलं नाही? आत्या, खरं सांगतो, स्वयंसेवकाचं नारिंगी जाकीट घातलेला माणूस मोजत नाहीत अशी माझी मनापासून समजूत होती.

डबा पुरून महिना झाला, तेव्हा ऑगस्टअखेर बाईंनी तो उघडला. चारशे बारा! गेल्या वर्षी अख्ख्या उन्हाळ्यात नव्वदसुद्धा झाल्या नव्हत्या. महिन्याला तीनशेच्या वर गेलं की ओढ्याचा काठ खचतो, म्हणून वाट दोन उन्हाळे बंद ठेवायचा विचार आहे. गुरुवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सभा. गस तर पेटलाच. "ही शहरातली टोळकी! एकेकाला धरतो!" म्हणून त्याने पहारा बसवला. पहिल्या पाळीला मला नेमलं. मी गेलो. एटीव्हीवरूनच.

दोन उन्हाळे म्हणजे काय, हे मला कळतं. बाकीच्या वाटा दगडगोट्यांच्या, तुझ्या खुब्याला एकही झेपायची नाही. आणि तुला एकोणऐंशीवं चालू आहे. मला याची फार भीती वाटते, आत्या. म्हणून जीव मुठीत धरून मी ओर्टेगा बाईंकडे गेलो आणि कबूल केलं की तीनशे चाळीस फेऱ्या माझ्या. त्या हसल्या, आणि कागद पुढे सरकवला. "यात वेळही उमटते, लेलँड. आठवड्यातून तीनदा सकाळी सातला वर, साडेनऊला खाली. डबा तर तोंडाशीच आहे. अडीच तास वर काय बघत होतात?"

मी म्हणालो, "निसर्ग."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "गुरुवारी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगा. पटलं तर तुमच्या फेऱ्या वजा करते. नाहीतर माझा नाइलाज आहे."

तेव्हा आशीर्वाद असू दे. सांभाळून चाल.

तुझा भाचा,
लेलँड

ता. क. : वर मी काय करत होतो ते सांगायलाच हवं. हकलबेरी, ती रानातली काळी-जांभळी फळं, तोडत होतो. तुझ्या जागेवर. गेल्या वर्षी मी तुझ्या मागोमाग लपत आलो होतो. आर्लो आतोबांना तू चाळीस वर्षं खाली ट्रकमध्ये बसवून ठेवलंस आणि ते बिचारे ती जागा न बघताच गेले, हे मी विसरलेलो नाही. आता गुरुवारी खरं बोललो तर शुक्रवारी पहाटे अख्खं गाव बादल्या घेऊन तिथे हजर. नाही बोललो तर वाटच बंद. तुझ्या परवानगीशिवाय मी तोंड उघडणार नाही. सांगू का?

ता. क. २ : जॅम कशाचा ते एव्हाना कळलं असेल.

ता. क. ३ : पाकीट चिकटवून पेटीत टाकलं होतं, पण तिकीट नीट बसलं की नाही अशी शंका आली म्हणून टपालवाल्या बाईंकडून परत मागून घेतलं, तेवढ्यात हे आठवलं. जॅमला मी वरच्या अंगाची फळं वापरली. वाटेला लागून असलेल्या खालच्या झुडपांना हात लावलेला नाही. ती गाडीवरून न उतरता तोडता येतात. आता पिकून काळी झाली आहेत. बुधवारी सकाळी सातला मी तुला न्यायला येतो. उतरताना काय ते हो-नाही सांग. दोघांच्या जाऊन-येऊन चार फेऱ्या होतील, त्या ओर्टेगा बाईंना मी आधीच लिहून दिल्या आहेत.