तिच्या शाळेची चाल

रविवार, संध्याकाळ

सुमनला घेऊन जलाशयाच्या बागेत गेलो. हल्ली तिची स्मरणशक्ती विरत चालली आहे. सकाळी मलाच विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?" दिवसभर तेच टोचत होतं.

बांधावरून चालताना सहज चौथीतली नदीची कविता गुणगुणलो, आमच्या शाळेच्या चालीत. तिच्या शाळेतली चाल वेगळी. लग्नापासून आमचं यावरून भांडण.

ती थबकली. "चुकलं. आमच्या बाई अशी म्हणत नसत." आणि तिथेच, डबे उघडून बसलेल्या लोकांसमोर, शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणून दाखवली. वर टोमणा, "इतकी वर्षं सांगतेय, सुधारणा म्हणून नाही."

इतकी वर्षं, असंच म्हणाली ना? म्हणजे मी अजून आहे तिच्यात कुठेतरी.

उद्या पुन्हा नेतो. चाल मात्र माझीच धरायची.