पहिलं वाटण फेकायचं असतं

आई, मी जिंकले! आधी हेच सांगते, कारण तू नेहमी म्हणायचीस, मुद्द्याचं बोल, पाल्हाळ नको. पंचवीस वर्षं फ्रँकफर्टच्या बँकेत कॉम्प्युटरसमोर काढली आणि पन्नाशी उलटल्यावर बायबलच्या काळातल्या स्वयंपाकघरांवर डॉक्टरेट करायला निघाले, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. काल त्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली. समोर परीक्षक, आणि मागच्या रांगेत तुझी नात.

सगळं अडलं होतं एका पाट्यावर. जॉर्डन नदीकाठी उकरलेल्या एका साध्या घरात धान्य वाटायचा पाटा सापडला, बायबलमधल्या राजांच्या काळातला. शेजारी मूठभर पीठ, घर जळालं तेव्हा कोळसा झालेलं, दगडाच्या कचीने भरलेलं. माझ्या प्राध्यापकांनी त्यावर लेख लिहून ठेवलाय की हा घरच्या देवाला दाखवलेला नैवेद्य. मी प्रबंधात म्हटलं, अजिबात नाही. काल ते म्हणाले, "आल्झो, बरं तर, मग काय आहे ते सिद्ध करा." नाही जमलं तर प्रबंध परत, चार वर्षं पाण्यात.

आणि मला तो होळीचा दिवस दिसतो. तू सोवळ्यात, मी बारा वर्षांची, पाट्यावर पुरण वाटतेय. आदल्याच दिवशी दारावर आलेल्या बाईकडून पाट्याला टाकी लावून घेतलीय, छिन्नीचे घाव अजून करकरीत. आधी मूठभर तांदूळ वाटून फेकायचे, म्हणजे कच निघून जाते, हे मी साफ विसरलेय. तू पुरण चिमटीत चोळतेस आणि कडाडतेस, "एवढी घोडी झालीस, देवाला वाळू चारतेस?" सगळं पुरण टाकून दिलंस आणि पुन्हा डाळ शिजत घातलीस. मी दिवसभर मुसमुसत होते.

काल मी पाट्याचा फोटो पडद्यावर मोठा केला. घाव ताजे, कडा धारदार. म्हटलं, "याला नुकतीच टाकी लावली होती. हे पहिलं वाटण आहे, फेकायचं. बायबल अर्पणाला सपीठ मागतं, चांगलं बारीक. कुठली बाई देवापुढे कचकचीत पीठ ठेवेल?" मग परीक्षकांतल्या एक वयस्कर बाई हसल्या आणि म्हणाल्या, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर! आणि काय सांगू तुला, प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर मान्य केलं की त्यांचा लेख चुकला. तुझी लेक डॉक्टर झाली गं! नात जर्मनमध्ये ओरडत होती, मी मराठीत रडत होते.

हे कुठल्या पुस्तकात वाचलंत, असं त्यांनी विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, आईने शिकवलं. आता छापील प्रबंधात तळटिपेत तू असशील, नावासकट.

हे पत्र पाठवणार कुठे, वहीतच राहील. एक मात्र कबूल करते. शाळा-कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर "आईचा व्यवसाय" या रकान्यात मी नुसती रेघ ओढायचे. आणि तुला दिसू नये म्हणून सही बाबांची घ्यायचे.