लेआंद्रो काकांचा भोपळा तळ्यात पडला त्याबद्दल

ती. हर्मेलिंदा आत्यास,

नेमेसियोचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का आता? कोंबड्या अंडी देतात की नुसताच आरडाओरडा करतात? इकडे डोंगरात सगळे ठीक आहेत. (सगळे म्हणजे रोसाउरा आणि तिचे वडील आन्सेल्मो. माझी चौकशी तू करू नयेस, अशीच माझी लायकी आहे.)

आत्या, रविवारी पुसायला म्हणून काचेचं कपाट उघडलं असशील, तर तुला कळलंच असेल. लेआंद्रो काकांचा, माते म्हणजे आपला तो कडू पाल्याचा चहा प्यायचा वाळका भोपळा, तो चांदीच्या काठाचा, मीच नेला. तू चर्चला गेली होतीस. या लोकांत मुलगी मागायला आलेला माणूस कसला भोपळा घेऊन येतो यावर त्याचं घराणं जोखतात, आणि माझ्याकडे प्लॅस्टिकचा पेला. तंबू मला उभा करता येत नाही (दोनदा माझ्याच अंगावर पडला), कोकरू भाजायला बसलो तर रोसाउराने मला हाताला धरून उठवलं. तेव्हा भोपळ्याने तरी लाज राखावी, एवढाच हेतू.

राखली की! आन्सेल्मोंनी तो हातात फिरवून पाहिला आणि पहिल्यांदाच मला ‘जावईबापू’ म्हणाले. लगेच गरम पाण्याचा थर्मास आणि मला घेऊन होडीत बसले. माते ओतणारा सांगेल ती पूर्व दिशा, हे तुला मी काय सांगू. आपली पाळी आली की घ्यायचा, संपवायचा, मगच परत द्यायचा. तळ्याच्या मध्यावर वारा सुटला, होडी आडवी वळली, आणि नेमका तेव्हाच त्यांनी भोपळा पुढे केला. होणाऱ्या सासऱ्याला थांबा कसं म्हणायचं? वल्हं काखेत धरून मी घेतला. वल्हं निसटलं. मी वल्ह्याला धरायला गेलो, आणि धरलं ते वल्हंच, आत्या. भोपळा चांदीच्या वजनाने तळाला गेला.

गढूळ पाण्यात पडला असता तर निदान दिसला नसता. या तळ्याचं पाणी इतकं नितळ की तो पांढऱ्या दगडाशी बसलेला, माते ओढायच्या नळीसकट, स्वच्छ दिसतो. बाकीच्या तंबूंतले लोक होड्या घेऊन बघायला येतात. ‘अहो, हात घातला की मिळेल!’ म्हणतात. मी खांद्यापर्यंत हात घातला, मग आख्खा पडलो. पाणी हाडं गोठवणारं, आणि चार माणसं एकावर एक उभी राहतील इतकं खोल. वर आलो तेव्हा एक बाई मला टॉवेल देत होत्या आणि हसतही होत्या. मला काकांची आठवण आली आणि तोंड लपवावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

बाकी हवा छान आहे.

तुझा नालायक भाचा,
नेमेसियो

ता. क. वाऱ्याचा दोष मी उगाच वाढवून सांगितला. आन्सेल्मो तरुणपणी धरणाच्या कामावर पाणबुडे होते. ते तेव्हाच शर्ट काढायला लागले होते. मीच म्हणालो, ‘राहू द्या हो, बाजारातला साधा आहे.’ कपाटातून न विचारता आणला हे सांगावं लागू नये म्हणून. त्यांनी शर्ट परत घातला, आणि ‘जावईबापू’ही तिथेच थांबलं. भोपळा अजून तळाशीच आहे.

ता. क. दुसरा. थंडी वाढली की ते पाण्यात उतरणार नाहीत. म्हणून त्याआधी तूच त्यांना पत्र लिही की भोपळा काकांचा आहे. माझं तोंड उघडत नाही. फक्त, तू तो मला मोठ्या प्रेमाने दिला होतास, असं लिही.

ता. क. तिसरा. नको. चोरला असंच लिही. पण पाकिटावर नाव आन्सेल्मोंचं घाल आणि त्यांच्याच हातात द्यायला सांग, माझ्या नावावर आलेली पत्रं रोसाउरा आधी फोडते.